डिमेन्शियातल्या आई-वडिलांचं पोट घरी कसं सांभाळावं

तीन-चार दिवस शौचाला झालेलं नसतं. मग एका सकाळी आण्णांचा लेंगा पातळ, दुर्गंधी पाण्यानं भरलेला दिसतो. दुपारपर्यंत पुन्हा दोनदा तेच होतं. घरात एकच निष्कर्ष निघतो, जुलाब लागले. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी येते, फळं बंद होतात, मऊ भात सुरू होतो. दोन दिवसांनी पोट टम्म फुगतं, आण्णा घास तोंडात घेत नाहीत, रात्रभर ओरडतात आणि कुणालाही अंगाला हात लावू देत नाहीत. मग सगळ्यांना वाटतं, आजार वाढला.

अशा वेळी बहुतेकदा वाढलेला असतो तो मलावरोध. गुदाशयात मळाचा कडक गोळा अडकून बसलेला असतो. त्याच्या वरचा मळ पातळ होतो आणि गोळ्याच्या कडेनं झिरपत बाहेर येतो. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे घातले की पाणी अडतं, तरी फटींतून पाझरत राहतं, तसाच हा पाझर असतो. गुदाशय सतत ताणलेला राहिल्यानं त्याची जाणीव बोथट होते, त्यामुळे माणसाला आपल्याला काही होतंय हे कळतही नाही. अशात लोपेरामाइडसारखी आतड्यांची हालचाल मंदावणारी गोळी दिली तर गोळा आणखी घट्ट बसतो. म्हणून पुढे गेलेल्या स्मृतिभ्रंशात पातळ शौच दिसलं की आधी मलावरोधाची शंका घ्यायची. या लेखातलं एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी एखाद्या घरातल्या कितीतरी वाईट रात्री टळतील.

हे ओळखायचं कसं? खऱ्या जुलाबात शौच भरपूर होतं आणि पोट रिकामं होऊन मऊ पडतं. पाझरात ते थोडं थोडं, वारंवार, नकळत होतं. त्याआधी काही दिवस नीट शौच झालेलं नसतं आणि पोटाच्या डाव्या बाजूला खाली हात ठेवला तर टणक लागतं. खात्री मात्र डॉक्टरच करतात. हातमोजा घालून गुदद्वारातून बोटानं तपासलं की बहुतेक वेळा मिनिटभरात उलगडा होतो. गोळा वर असेल तर पोटाचा एक्स-रे लागतो. संकोचापोटी ही तपासणी पुष्कळदा राहून जाते. घरच्यांनी स्वतःहून म्हणावं, "डॉक्टर, खाली अडकलंय का तेवढं बघा."

शौच ही आपल्याला एक क्रिया वाटते, पण ती अनेक क्रियांची माळ आहे. कळ आलेली ओळखायची, थांबवून धरायची, संडास शोधायचा, नाडी सोडायची, बसायचं, जोर करायचा, धुवायचं. मेंदूचा पुढचा भाग झिजत गेला की यातली एकेक कडी निखळते. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ बॅरी रायसबर्ग यांनी केलेल्या सात पायऱ्यांच्या मोजपट्टीत सहाव्या पायरीवर आधी कपडे घालणं जातं, मग अंघोळ, मग संडासातले व्यवहार, मग लघवीवरचा ताबा आणि त्यानंतर शौचावरचा. सातव्या पायरीला बोलणं मोजक्या शब्दांवर येतं आणि चालणं सुटतं. लहान मूल ज्या क्रमानं हे शिकतं, साधारण त्याच्या उलट क्रमानं ते जातं. याचा घरच्यांनी घ्यायचा अर्थ एवढाच, की आई हे मुद्दाम करत नाही. तिला रागावून किंवा समजावून ते परत येणारही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. बहुतेकांची देखभाल घरीच होते. म्हणजे आपल्या कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या किंवा कसबा बावड्यातल्या एखाद्या घरात जे दार लावून चाललेलं असतं, तेच पलीकडच्या गल्लीतही चाललेलं असतं. फक्त या विषयावर कुणी बोलत नाही.

सुरुवात वहीपासून करावी. आई सांगू शकत नाही, म्हणून वहीनं सांगायचं. तारीख, वेळ, किती झालं, कसं झालं, त्या दिवशी किती प्यायलं, कोणतं औषध दिलं, एवढंच लिहायचं. "कसं" हे लिहायला ब्रिस्टल तक्ता उपयोगी पडतो. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये स्टीफन लुईस आणि केन हीटन यांनी तो तयार केला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुट्या कडक लेंड्या, चौथा मऊ, गुळगुळीत आणि सलग, सातवा निव्वळ पाणी. पहिला-दुसरा दिसला तर मलावरोध, तिसरा-चौथा दिसला तर ठीक, एवढं घरातल्या सगळ्यांना कळलं तरी पुरे. रोज झालंच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी असू शकतं. त्या माणसाची जन्मभराची सवय काय होती ते महत्त्वाचं. देखभालीला मावशी किंवा मामा ठेवले असतील तर वही त्यांच्याही हातात हवी. रात्रपाळी आणि दिवसपाळी बदलताना "झालं का?" या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं दिलं जातं आणि तिथेच तीन दिवस निसटतात.

यानंतर वेळ. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, आणि सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर ही हालचाल सगळ्यांत जोरात असते. स्मृती गेली तरी ही प्रतिक्रिया बहुधा टिकून राहते. म्हणून सकाळी उठवून कोमट पाणी, चहा, थोडं खाणं आणि त्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत संडासात बसवणं, हा क्रम रोज त्याच वेळी ठेवावा. दहा मिनिटं बसवावं. झालं नाही तर न रागावता उठवावं आणि दुपारच्या जेवणानंतर पुन्हा बघावं.

आपल्या भागात एक गोष्ट नेहमी विसरली जाते. अनेक म्हाताऱ्या बायकांचं सकाळचं पोट मिश्रीवर चालतं आणि पुरुषांचं तंबाखूच्या चिमटीवर. निकोटीन आतडी हलवतं, आणि ते अचानक थांबलं की मलावरोध होतो. डिमेन्शियात गिळण्याचा धोका ओळखून घरचे मिश्रीची डबी लपवतात, ते योग्यच आहे. पण त्यानंतर पोट बसलं तर कारण तिथे शोधावं आणि डॉक्टरांना ते सांगावं. डबी परत देऊ नये. मिश्रीच्या वेळी गरम पेय द्यावं आणि शौच मऊ करणारं औषध तात्पुरतं वाढवता येतं का, ते विचारावं.

बसण्याची पद्धत औषधाइतकीच काम करते. उकिडवं बसल्यावर गुदमार्ग सरळ होतो, पण ऐंशीच्या घरातले गुडघे उकिडवे बसू देत नाहीत. कमोडवर बसवून पायांखाली बसकं स्टूल द्यावं, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. अंग थोडं पुढे झुकू द्यावं आणि कोपरं मांड्यांवर टेकवावीत. जुन्या वाड्यांतून संडास परसात किंवा अर्ध्या जिन्यावर असतो. तिथपर्यंत रात्री नेण्यापेक्षा कमोडची खुर्ची खोलीतच ठेवावी. ती सर्जिकलच्या दुकानात मिळते. पांढऱ्या फरशीवरचं पांढरं भांडं या आजारात वेगळं दिसत नाही, म्हणून बैठक गडद रंगाची असावी. दारापुढचं काळं पायपुसणं त्यांना खड्ड्यासारखं भासू शकतं, ते काढून टाकावं. आणि "टॉयलेट" म्हणून समजत नसेल तर ते ज्या शब्दानं वाढले तो शब्द वापरावा. "आण्णा, चला, परसाकडं जाऊन येऊया" म्हटल्यावर जे पाऊल उचललं जातं ते इतर कोणत्याही आर्जवानं उचललं जात नाही.

बोलता येत नसलं तरी शरीर सूचना देतं. नाडी ओढणं, उगीच येरझाऱ्या, कोपऱ्यात जाऊन वाकणं, चेहरा लाल होणं, पोटावर हात नेणं, जेवताना अचानक तोंड फिरवणं. वहीत अशा खुणाही लिहिल्या तर दोन आठवड्यांत त्या माणसाची रीत कळते. लेंग्याच्या नाडीऐवजी इलॅस्टिक लावून घ्यावं. जन्मभर नऊवारी नेसलेल्या आईला गाऊन घालवत नसेल तर गाऊनवर पदरासारखं एखादं लुगड्याचं कापड अंगावर द्यावं. तिची लाज शाबूत आहे हे विसरू नये.

आता खाणंपिणं. मोठं आतडं मळातलं पाणी शोषतं. पिणं कमी पडलं की ते जास्त शोषतं आणि मळ सुकतो. या रुग्णांना तहान जाणवत नाही किंवा सांगता येत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाला साधारण दीड लिटर द्रव जायला हवं. सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवावी. चहा, ताक, पेज जे जे दिलं त्याच्याएवढं पाणी बाटलीतून काढत जावं. संध्याकाळी बाटलीत काय उरलं ते डोळ्यांना दिसतं. पाण्यानं ठसका लागत असेल तर पातळ पाण्याचा आग्रह धरू नये, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. दाट ताक, नाचणीची आंबील, तांदळाची पेज, घोटलेली मुगाची आमटी असे दाटसर पदार्थ चमच्यानं द्यावेत. पूर्ण बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन द्यावेत आणि नंतर अर्धा तास आडवं करू नये.

तंतुमय पदार्थ हवेत, पण ते चावता आणि गिळता आले पाहिजेत. ज्वारीची भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून, शिजवून घोटलेला दुधी आणि पालक, पिकलेली पपई, रात्रभर भिजवून वाटलेले मनुके आणि अंजीर, हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात बसतं. भडंग, कच्ची कोशिंबीर, सालासकट पेरू नको. मिसळीचा कट ज्यांना आयुष्यभर आवडला त्यांना तो पूर्ण तोडावा असं मी म्हणणार नाही; जीभ अजून ओळखते ती चव चमचाभर, तिखट कमी करून द्यावी. मात्र एक सावधगिरी हवी. जो माणूस अंथरुणाला खिळलाय आणि पाणी नीट पीत नाही, त्याला नुसता कोंडा किंवा इसबगोल वाढवू नये. इसबगोल पाणी ओढून फुगतो. पाणी मिळालं नाही तर त्याचाच गोळा होतो, आणि घशात अडकण्याचा धोका वेगळाच. घरोघरी सर्वांत आधी काढला जाणारा हा डबा या टप्प्यावर बहुतेकदा चुकीचा असतो.

औषधांत दोन बाजू पाहायच्या. पोट बिघडवणारी औषधं कोणती चालू आहेत, हे आधी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामकं, लघवी रोखण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा उदासीसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सीफेनिडिल, ही सगळी शौच अडवतात. शेवटची तीन तर विस्मरणही वाढवतात. उलट स्मृतीसाठी दिलेलं डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्माइन आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन यांनी पोट सैल होऊ शकतं. म्हणून दवाखान्यात जाताना कागद नव्हे, औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत आणि यातलं काय कमी करता येईल ते विचारावं. मनानं काही बंद करू नये.

दुसरी बाजू शौच आणणाऱ्या औषधांची. लॅक्टुलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी धरून मळ मऊ ठेवतात. त्यांना एक ते तीन दिवस लागतात, म्हणून ती रोज नेमानं द्यायची असतात. "आज झालं नाही म्हणून दिलं" असं केलं तर आज नाही आणि परवा धो धो, असा खेळ सुरू होतो. बिसाकोडिल आणि सोनामुखी आतड्याला हलवतात. रात्री दिलं तर सकाळपर्यंत परिणाम दिसतो. बिसाकोडिलच्या गोळीवर खास आवरण असतं. ती कुटून दुधातून देऊ नये, कुटल्यानं आवरण फुटतं, दुधानं ते जठरातच विरघळतं आणि कळा येतात. नेमकं हेच घरी घडतं, कारण गिळत नाही म्हणून सगळ्या गोळ्या एकत्र कुटायची सवय झालेली असते. बाजारातल्या बऱ्याच पोटसाफ चूर्णांत सोनामुखीच असते, म्हणजे डॉक्टरांचं औषध आणि चूर्ण मिळून दुप्पट मात्रा होते. एरंडेल नको. लिक्विड पॅराफिन असलेली पांढरी औषधं ठसका लागणाऱ्या माणसाला देऊ नयेत. ते तेल श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला सूज येते.

कधीही होणारं शौच ठरावीक वेळी आणता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मळ मऊ ठेवणारं औषध रोज आणि एक दिवसाआड सकाळी चहानंतर गुदद्वारातून ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची वडी, असं डॉक्टरांच्या सल्ल्यानं बसवलं तर साधारण पंधरा मिनिटं ते तासाभरात शौच होतं. मग दिवसभर आणि रात्री घर मोकळं राहतं. नोकरी करणाऱ्या घरासाठी यापेक्षा उपयोगी गोष्ट मला माहीत नाही. वडी घालताना डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवावं आणि बोटाला वंगण लावावं. बिसाकोडिलची वडी मळाच्या गोळ्यात खुपसायची नसते, आतड्याच्या भिंतीला टेकवायची असते. पोट चोळायचं तर आतड्याच्या दिशेनं: उजवीकडून खालून वर, मग आडवं, मग डावीकडे वरून खाली.

गोळा अडकलाच तर घरी बोटानं काढायचा प्रयत्न करू नये. त्यानं रक्तस्राव होतो, कधी नाडी एकदम मंदावते. हे काम प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टरांचं आहे. साबणाच्या पाण्याचा एनिमा जुना झाला. तो आतड्याच्या आवरणाला भाजतो. मेडिकलमध्ये सहज मिळणारा सोडियम फॉस्फेटचा एनिमा म्हाताऱ्या, विशेषतः मूत्रपिंड किंवा हृदय दुबळं असलेल्या माणसाच्या रक्तातले क्षार धोकादायक रीतीनं बिघडवू शकतो. विचारल्याशिवाय तो वापरू नये.

एक प्रकार असा आहे, की तो सांगताना घरातल्या बायका रडतात. आई हातानं मळ काढते, भिंतीला, चादरीला पुसते. यात विकृती काही नाही. कपड्यात काहीतरी ओलं, खुपणारं आहे आणि ते काढून टाकायचंय, एवढंच तिला कळतं. काढल्यावर हाताचं काय करायचं ते कळत नाही. तिच्यावर ओरडलं तर ती घाबरते, समजत काही नाही. आधी पोट अडलंय का ते बघावं, शौचाची वेळ बसवावी, मळलेलं लगेच बदलावं, नखं कापलेली ठेवावीत, मागून बंद होणारे कपडे घ्यावेत, आणि हाताला काम द्यावं. घडी करायला रुमाल दिले तरी चालतात.

स्वच्छता करताना सगळं सामान आधी जवळ मांडावं: कोमट पाणी, जुन्या सुती धोतराचे मऊ तुकडे, हातमोजे, नवं डायपर, मलम. समोरून जाऊन, नाव घेऊन, काय करतोय ते प्रत्येक पायरीला सांगावं. छातीवर चादर राहू द्यावी. बायकांना पुढून मागे पुसावं, नाहीतर मूत्रमार्गाला संसर्ग होतो. घासू नये, टिपून कोरडं करावं. जंतुनाशक द्रव त्वचेवर नको, टाल्कम पावडरही नको, तिचे गोळे होऊन काचतं. झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावावं. मळ आणि लघवी एकत्र आली की काही तासांतच कातडी सोलवटते, म्हणून मळलेलं डायपर "थोड्या वेळानं बदलू" असं कधी म्हणू नये. अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलावी. दाबल्यावरही न जाणारा लालसर डाग दिसला तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. वापरलेलं डायपर कागदात घट्ट गुंडाळून, वर खूण करून घंटागाडीत वेगळं द्यावं; पुढे ते कुणाच्या तरी हातात जातं.

पावसाळ्याची तयारी आपल्या शहराला टाळता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचा पाणीपुरवठा कित्येक दिवस बंद होता. घरात असा रुग्ण असेल तर जुलैच्या सुरुवातीलाच डायपर, अंडरपॅड, औषधं आणि साठवलेलं पाणी आठवडाभराचं असावं, आणि सखल भागातल्यांनी ३९ फुटांवरच हलावं.

हे सगळं करतं कोण? बहुतेक घरांत सून किंवा बायको. मुलगा डॉक्टरकडे नेतो, औषध आणतो, पैसे देतो आणि शौच आलं की खोलीबाहेर जातो. हे बरोबर नाही. वडिलांचं धुणं मुलानं शिकलंच पाहिजे, त्यात कुठलंही कौशल्य असं नाही जे आठ दिवसांत येत नाही. आईच्या बाबतीत तिला संकोच वाटत असेल तर बाईमाणसानं करावं, पण पाणी तापवणं, चादरी धुणं, रात्रीचं जागरण यांत संकोचाचा प्रश्न येत नाही. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि सांभाळणाऱ्याचंच मन थकलं असेल तर टेलिमानस १४४१६.

काही लक्षणांत थांबायचं नाही. शौचात रक्त, लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं शौच, पोट फुगून उलट्या आणि वातही न सरणं, ताप, एका दिवसाहून जास्त टिकलेले खरे जुलाब आणि कोरडी जीभ, नेहमीपेक्षा अचानक वाढलेली गुंगी किंवा बडबड. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं, रात्री असेल तर १०८ ला फोन करावा. आणि जाताना वही न्यायला विसरू नका. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो शेवटचं शौच कधी झालं हाच, आणि त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणीही देऊ शकत नाही.